दहा मिनिटांचे नाटक, कानांसाठी

खानदेशातल्या एखाद्या गावात राहून नाटक लिहू पाहणाऱ्या मुलाची किंवा मुलीची सर्वांत मोठी अडचण अशी की, आपण जे लिहिले आहे ते नाटक झाले आहे की नाही, हे कळायला त्यांच्यापाशी काही मार्गच नसतो. कविता मैत्रिणीला वाचून दाखवता येते, कथा वहीत उतरवून शिक्षकांच्या हाती देता येते. नाटकाला मात्र नट लागतात, तालमीला जागा लागते, प्रकाशयोजना, नेपथ्य, निदान एक बऱ्यापैकी रंगमंच आणि पुढे बसायला माणसे लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अशी संधी प्रामुख्याने राज्य नाट्यस्पर्धेच्या किंवा विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवाच्या निमित्ताने येते, आणि त्या वेळी वर्षभराची मेहनत व खर्च पणाला लागलेला असल्यामुळे संघ बहुधा आधी कोठेतरी गाजलेली, पुण्या-मुंबईहून आलेली संहिताच निवडतात. त्यात संघांना दोष देता येत नाही. पण परिणाम असा होतो की, आपल्याकडे अभिनय करणारी मुले दरवर्षी नव्याने तयार होतात आणि लिहिणारी मुले एक-दोन वह्या भरून थांबतात. तालमी संध्याकाळी असतात, गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. त्याआधी निघून जाते, आणि मुलगी असेल तर घरून मिळणारी परवानगी त्या गाडीच्याही आधी संपते.

मी मराठी शिकवते आणि काही वर्षांपासून माझ्यासारख्याच काही शिक्षक व नाट्यवेड्या मित्रांच्या सोबतीने तरुणांकडून छोटी श्राव्य नाटके लिहून घेते आणि ती ध्वनिमुद्रित करते. एक नाटक सहा ते दहा मिनिटांचे, पात्रे दोन किंवा तीन, स्थळ शक्यतो एकच. या कामामुळे माझे एक मत पक्के झाले आहे आणि तेच येथे सविस्तर मांडायचे आहे: नव्या नाटककाराला शाबासकी, पुरस्कार किंवा मार्गदर्शन यांपेक्षा कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक गरज असते ती स्वतःचे संवाद दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची. ती गरज रंगमंचावाचून, फार खर्चावाचून आणि गाव न सोडता भागवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे श्राव्य नाटक.

खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांपैकी एक मानले जाणारे नाटक बीबीसीने 15 जानेवारी 1924 रोजी लंडनहून ऐकवले. ते लिहिणारे रिचर्ड ह्यूज तेव्हा अवघे 23 वर्षांचे होते. श्रोत्याला काहीच दिसणार नाही, ही त्या नव्या माध्यमातील अडचण त्यांनी कथेतच घेतली: वेल्समधील कोळशाच्या खाणीत पाहायला गेलेली माणसे, अचानक गेलेले दिवे आणि मिट्ट काळोख. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही नाही. त्यामुळे ‘तू कोठे आहेस’, ‘माझा हात धर’, ‘हा आवाज कसला’ ही वाक्ये श्रोत्याच्या सोयीसाठी घातलेली राहत नाहीत, ती त्या माणसांची निकड बनतात. शंभर वर्षांपूर्वी एका तरुणाने शोधलेली ही युक्ती मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच बैठकीत सांगते आणि मग विचारते की, आपल्याकडे अंधार कोठे असतो, कधी असतो, आणि त्या अंधारात कोण कोणाशी बोलते.

उत्तरे भराभर येतात, कारण वीज जाणे आणि वीज अवेळी येणे हा येथील रोजचा अनुभव आहे. चोपडा तालुक्यातील एका मुलीने जे लिहिले ते मला विशेष मोलाचे वाटते. शेतीपंपांना पाळीपाळीने वीज मिळते आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला रात्रीच जावे लागते, हे तिच्या घरचे वास्तव. तिच्या नाटकात वडील आणि मुलगी असे दोघेच शेतात आहेत. मुलीला परगावच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आहे आणि ही गोष्ट तिने अजून घरी सांगितलेली नाही. ती गोष्ट ती शेतात, रात्री सांगते, कारण अंधारात वडिलांचा चेहरा दिसत नाही आणि तो दिसत नसल्यामुळेच तिला धीर होतो. नाटक श्राव्य असण्याचे कारण येथे कथेच्या मुळाशी आहे. हे नाटक रंगमंचावर आणले असते तर चेहरे दिसले असते आणि त्याचा कणाच मोडला असता.

पहिल्या खर्ड्यात वडिलांना मुलीच्या बातमीवर पाऊण पानाचे उत्तर होते. त्यात शिक्षणाचे महत्त्व होते, कर्जाचा उल्लेख होता, ‘तू माझी मुलगी नाहीस, मुलगा आहेस’ असे एक वाक्यही होते. आमच्या बैठकीचा नियम असा आहे की, लेखकाने स्वतःची संहिता वाचायची नाही; दुसऱ्या दोघांनी ती वाचायची आणि लेखकाने फक्त ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही, समजावून सांगायचे नाही. शेजारच्या गावातील एक मुलगा वडिलांचे ते भाषण वाचत असताना ही मुलगी हातातील कागदावर हळूहळू रेघा मारत गेली. वाचन संपले तेव्हा भाषण संपूर्ण खोडलेले होते. आता मुलगी बातमी सांगते, मग काही क्षण फक्त पाण्याचा आणि फावड्याचा आवाज येतो, मग फावडे थांबते, आणि वडील दुरून विचारतात, ‘पानी उनं का तठे?’ (पाणी आले का तिकडे?) ती ‘हा, उनं’ म्हणते आणि फावडे पुन्हा सुरू होते. बाप राजी आहे की नाराज आहे, यावर ऐकणाऱ्यांत वाद होतो, आणि तो व्हावा अशीच तिची इच्छा आहे. ते भाषण काढून टाक असे तिला कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले असते तर तिने ते माझ्या शब्दाखातर काढले असते आणि पुढच्या नाटकात तसलेच भाषण पुन्हा लिहिले असते.

कानासाठी लिहिताना नवोदितांना काही गोष्टी पहिल्यापासून सांगाव्या लागतात. डोळ्यांना दिसेल ते सगळे संवादात कोंबण्याची सवय सर्वांनाच असते. ‘अगं, तू हातात कंदील घेऊन पावसात भिजत दारात का उभी आहेस?’ असे वाक्य कोणत्याही घरात कोणी बोलत नाही. पत्र्यावरचा पाऊस ऐकवला, कडी वाजवली आणि ‘आत ये आधी, कंदील विझेल’ एवढे म्हटले की दार, पाऊस, कंदील आणि बोलणाऱ्याची काळजी या चारही गोष्टी पोहोचतात. पात्रांची नावे पहिल्या अर्ध्या मिनिटात, पण सहजपणे कानावर पडली पाहिजेत. ती बोलण्यातील हाक म्हणूनच आली पाहिजेत. गप्प असलेले पात्र श्रोत्याच्या दृष्टीने खोलीतून निघून गेलेले असते, म्हणून तिसरे माणूस प्रसंगात ठेवायचे असेल तर त्याचा खोकला, त्याच्या बांगड्या, त्याचे सुपात धान्य पाखडणे असे काहीतरी चालू ठेवावे लागते. दोन पात्रांचे आवाज वयाने, लिंगाने किंवा निदान बोलण्याच्या गतीने वेगळे नसतील तर कोण बोलत आहे हे दहा मिनिटांत उलगडत नाही. कॉलेजातील चार मित्रांवर लिहिलेली बहुतेक श्राव्य नाटके येथेच अडखळतात. लांबीचा अंदाजही द्यावा लागतो. आमच्याकडील बोलण्याच्या वेगाने दहा मिनिटांना अकराशे ते बाराशे शब्द पुरतात आणि त्यात शांततेसाठी जागा सोडायची असेल तर हजारावर थांबणे चांगले.

नाटक लहान का असावे, याची कारणे सोयीची आहेत तशी शिकवण्याचीही आहेत. सोय अशी की, दहा मिनिटांचे नाटक एका सुटीच्या दिवशी वाचून, बसवून, ध्वनिमुद्रित होऊ शकते. शिकवण्याच्या बाजूने पाहिले तर इतक्या कमी जागेत एकच घटना मावते, त्यामुळे लेखकाला आपली घटना कोणती हे ठरवावेच लागते. आणि नाटक फसले तर फार काही गेलेले नसते. तोच मुलगा महिन्याभरात दुसरे लिहू शकतो. दोन अंकी नाटक लिहायला घेतलेली आणि ते अर्धवट राहिल्याने लिहिणेच सोडलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे पहिल्यांदा लिहिणाऱ्याने लहान लिहावे याबाबत मी आग्रही आहे.

भाषेच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबायला हवे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, यावल-रावेर-भुसावळकडील मुलांच्या घरी लेवा गणबोली, शहाद्या-धडगावकडील मुलांच्या घरी भिली किंवा पावरी. तरीही जवळजवळ प्रत्येकाचा पहिला खर्डा पाठ्यपुस्तकी मराठीत असतो, कारण नाटक म्हणजे प्रमाण भाषेत लिहायची गोष्ट असे त्यांच्या मनावर बिंबलेले असते; बोली आलीच तर ती विनोदी नोकराच्या किंवा अडाणी गावकऱ्याच्या तोंडी येते. या गोष्टीचे मला फार वाईट वाटते. आजी जे दुःख अहिराणीत सांगते ते नातवाच्या नाटकात प्रमाण मराठीत आले की ती आजी खोटी वाटू लागते, आणि नातवाला ते कागदावर कळत नाही, पण ऐकताना क्षणात कळते. वाचणारा मुलगा स्वतः अहिराणी बोलणारा असेल तर तो नकळत वाक्य फिरवून घेतो: ‘आबा, तुम्ही कोठे आहात?’ असे लिहिलेले असते आणि तो ‘आबा, कोठे शेस तू?’ असे म्हणून जातो, आणि समोरून लगेच ‘आठेच शे मी. बॅटरी बंद कर, सेल उतरी जातीन’ असे उत्तर येते, जे संहितेत नसतेच. अशा वेळी लेखक ते भराभर लिहून घेतो. संपूर्ण नाटक बोलीत असावे असा माझा हट्ट नाही; शिक्षक, बँकेतला अधिकारी, शहरात वाढलेली भाची यांची भाषा वेगळीच असणार, आणि दोन भाषा एका खोलीत आल्या की त्यांतून नाट्य आपोआप निर्माण होते. जे पात्र ज्या बोलीत विचार करते त्या बोलीत ते बोलावे, एवढेच मागणे आहे.

या बाबतीत आपल्या भागाकडे फार मोठा वारसा आहे. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपली कविता घरकाम आणि शेतकाम करता करता तोंडाने रचली, आणि ती टिकली याचे कारण त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील इतरांनी ती ऐकली व ऐकली तशी उतरवून घेतली. 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. म्हणजे ज्या कवितेचा खानदेशाला सर्वाधिक अभिमान आहे ती आधी आवाज होती आणि मग अक्षर झाली. याखेरीज कानबाई या लोकदेवतेच्या उत्सवात रात्री म्हटली जाणारी गाणी आहेत, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हटली जाणारी लेकींची गाणी आहेत, वहीगायन आहे, जेथे गाणारा मध्येच पात्राच्या आवाजात शिरतो आणि पुन्हा कथेकऱ्याच्या आवाजात परततो. निवेदन आणि संवाद यांची सांगड कशी घालावी हे शिकायला आमच्या मुलांना परदेशी उदाहरणांची गरज नाही. वहीगायन एकदा लक्षपूर्वक ऐकले तरी पुष्कळ कळते.

आता ध्वनिमुद्रणाविषयी, कारण याच टप्प्यावर पुष्कळ जण स्टुडिओ नाही म्हणून मागे फिरतात. चांगल्या खोलीत धरलेला साधा मोबाइल फोन वाईट खोलीतील महागड्या माइकपेक्षा चांगले काम देतो. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी यांवरून आवाज परततो आणि सगळे बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. गोधड्या दोरीवर टांगून तीन बाजू झाकल्या तर बराच फरक पडतो; पण खानदेशात याहून चांगली सोय हिवाळ्यात घरोघरी असते. भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी वेचलेला कापूस घरातल्याच एखाद्या खोलीत भरून ठेवतात. अर्धी खोली कापसाने भरलेली असली की तेथे टाळी वाजवली तरी ती परत येत नाही. आम्ही केलेली सर्वांत स्वच्छ ध्वनिमुद्रणे अशाच खोल्यांमधील आहेत. तेथे जाताना मेणबत्ती, उदबत्ती, विडी यांतले काहीही आत न्यायचे नाही, हा नियम मात्र काटेकोरपणे पाळतो.

उन्हाळा कठीण जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि पंखा किंवा कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण होत नाही, म्हणून त्या दिवसांत पहाटेच काम उरकावे लागते. पहाटे कोंबडे, मंदिराचा भोंगा आणि दुधाच्या गाड्या यांचा अडथळा असतो. पण त्यांची वेळ ठरलेली असल्याने मधली जागा सापडते. फोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना येणारी हवा थेट त्यावर आपटत नाही. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. पात्र दूर असेल तर नटाने खरोखरच दूर जावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. शिवाय दुरून बोलणारा माणूस स्वर चढवतो, आणि तो चढलेला स्वर एडिटिंगमध्ये आणता येत नाही. बोलणे संपल्यावर त्याच खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून घ्यावी. संवादांच्या मधल्या जागा त्या शांततेने भरल्या म्हणजे जोड ऐकू येत नाहीत.

जोडणीसाठी आम्ही ऑडॅसिटी वापरतो. हे सॉफ्टवेअर 2000 सालापासून उपलब्ध आहे, मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. मूळ ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट असे ठेवले तर एकाच वाहिनीच्या दहा मिनिटांना सुमारे 86 एमबी लागतात. श्रोत्यांसाठी त्याची 64 केबीपीएसची एमपी3 प्रत केली की तीच दहा मिनिटे 5 एमबीच्या आत बसतात आणि कमी डेटा असलेल्या माणसालाही व्हॉट्सॲपवर ऐकता येतात. ऐकणारे बहुतेक जण फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकणार, हे लेखकानेही लक्षात ठेवायला हवे, कारण त्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतील घरघर जवळपास नाहीशी होते. ढगांचा दूरचा गडगडाट किंवा ट्रॅक्टरचे इंजिन यांवर प्रसंग टांगला असेल तर तो श्रोत्यापर्यंत पोहोचणारच नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची खडखड मात्र पोहोचेल.

आवाज गोळा करणे हा मुलांचा सर्वांत आवडता भाग, आणि त्यातून त्यांच्या लेखनात फार मोठा बदल होतो. इंटरनेटवरून तयार आवाज घ्यायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. परदेशी दाराची करकर आणि परदेशी पक्षी आमच्या नाटकात बसत नाहीत, हे एक कारण. आणि आवाजाच्या शोधात निघालेला लेखक रिकाम्या हाताने परत येत नाही, हे दुसरे. जिनिंगमधील यंत्रे, भुसावळ जंक्शनवरील डबे जोडण्याचा दणका, रावेरकडे केळीचा घड कापताना विळ्याचा पडणारा एकच घाव आणि मग वाळक्या पानांची सळसळ, भरितासाठी भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचण्याचा आवाज, मांडे करणाऱ्या बाईच्या हातांवर पुरणाच्या पोळीचे थापटणे, तापीच्या पुलावरून जाणारी मालगाडी. सुपात ज्वारी हळूहळू फिरवली की पाऊस होतो आणि वाळलेल्या तुरीच्या शेंगांतून कोणी चालले की आग धुमसते आहे असे वाटते, हे शोध मुलांनीच लावले. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी बंद झाली आहे. तिचा आवाज हवा म्हणून एक मुलगा त्या गाडीने वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या एका आजोबांकडे गेला, आणि आजोबांनी तोंडाने काढून दाखवलेला गाडीचा आवाजच त्याच्या नाटकाचा विषय झाला.

प्रोत्साहन कसे द्यावे, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. आपल्या भागात याची उत्तम उदाहरणे आहेत. 1907 साली जळगावात महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले तेव्हा धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेथे कविता म्हणायला उभा राहिला, आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले. गौरव मोठाच होता. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, जाणत्या माणसांनी भरलेली सभा त्या मुलाच्या घरापासून जवळ भरली होती आणि त्या सभेने त्याला स्वतःच्या आवाजात म्हणू दिले. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते तेव्हा ते वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. लिहिलेले शब्द दुसऱ्याच दिवशी वाचकाच्या हाती पडत, वाट पाहावी लागत नसे. जवळ असणे आणि लवकर होणे या दोन गोष्टी आम्ही त्यांच्यापासून घेतल्या. संहिता मागवण्याआधीच ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ऐकवण्याची तारीख जाहीर करतो. आपले नाटक होणारच आहे हे ठाऊक असलेला मुलगा वेगळ्या गांभीर्याने लिहितो.

स्पर्धा आम्ही घेत नाही. स्पर्धेने नट घडतात, संघ बांधले जातात, आणि राज्य नाट्यस्पर्धेचे ऋण आमच्यापैकी प्रत्येकावर आहे. पण पहिले नाटक लिहिणाऱ्याला आपण तिसरे आलो की सातवे आलो, या माहितीचा काही उपयोग नसतो. म्हणून ग्रंथालयाच्या खोलीत किंवा देवळाच्या ओट्यावर स्पीकर लावून नाटक ऐकवतो आणि नंतर श्रोत्यांना ‘कसे वाटले’ असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. ‘काय दिसले’ असे विचारतो. मग कोणी सांगते की विहिरीला कठडा नव्हता, कोणी म्हणते की बाई गरोदर होती, आणि लेखकाला समजते की लिहिलेले कोणते पोहोचले, कोणते पोहोचले नाही आणि न लिहिलेले काय उमटले. नाटकाच्या आरंभी सर्वांत आधी लेखकाचे नाव घ्यायचे, नटांची आणि इतरांची त्यानंतर, हाही आमचा नियम आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक काळजी घेतो: लेकीचा आवाज गावभर फोनवर फिरेल या विचाराने घरचे धास्तावतात, आणि ती धास्ती समजण्यासारखी आहे. म्हणून तयार झालेले नाटक सर्वांत आधी तिच्या घरी जाऊन, आई-वडील व आजी-आजोबांसमोर ऐकवतो आणि त्यांनी होकार दिल्यावरच ते बाहेर जाते. पुष्कळदा पुढच्या नाटकात आजीच आवाज द्यायला तयार होते.

लेखकाचा हक्क हा विषय आपल्याकडे संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो, आणि हे संरक्षण चोपड्याच्या विद्यार्थिनीलाही तितकेच आहे जितके नामवंत नाटककाराला. आम्ही प्रत्येक लेखकाला एक पत्र देतो: संहितेचा हक्क लेखकाचा, आम्हाला केवळ हे ध्वनिमुद्रण ऐकवण्याची परवानगी, आणि कोणाला ते रंगमंचावर करायचे असेल तर त्याने लेखकालाच विचारावे. वर्गणीतून थोडे मानधनही देतो. रक्कम लहान असते, तरी लिहिण्याचे पैसे मिळतात हे त्या घरात पहिल्यांदाच घडत असते. त्याच कायद्याची दुसरी बाजू म्हणजे हक्क अबाधित असलेल्या दुसऱ्याच्या कथेवर विचारल्याशिवाय नाटक रचता येत नाही, हेही मुलांना लवकर कळते.

संहिता दुरुस्त करण्याचा मोह शिक्षकांना फार होतो आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. मुलाने लिहिलेले वाक्य आपण सुंदर करून दिले की ते त्याचे राहत नाही, आणि त्याच्याही ते लक्षात येते. मी फक्त प्रश्न विचारते: ही बाई हे आताच का सांगते, काल का सांगितले नाही, हा माणूस दार उघडण्यापूर्वी थांबतो ते कशामुळे. उत्तर लेखकाने द्यायचे आणि लिहायचेही त्यानेच. त्याला उत्तर सापडले नाही तर नाटक त्या उणिवेसह मुद्रित होते, आणि ऐकताना ती उणीव त्याला माझ्या सांगण्यापेक्षा अधिक स्पष्ट जाणवते.

सध्या दोन संहिता ध्वनिमुद्रणासाठी तयार आहेत. एक नंदुरबारकडील मुलाची आहे; ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांशी फोनवर बोलणारी दोन भावंडे एवढीच त्यातील पात्रे, आणि फोनच्या पलीकडचा फडावरचा गलका कसा मुद्रित करावा यावर आमची चर्चा चालू आहे. दुसरी केळीच्या बागेतील दोन जावांची आहे. ती लेवा गणबोलीत आहे आणि तिच्यातील सासूच्या भूमिकेसाठी सत्तरीच्या आसपासचा, घरातही हीच बोली बोलणारा आवाज आम्हाला हवा आहे. नाटकाचा अनुभव असण्याची गरज नाही आणि वाचता येत नसेल तरी चालेल. संवाद लेखिका स्वतः घरी येऊन तोंडी सांगेल. यावल, रावेर किंवा फैजपूर भागातील कोणा आजींची तयारी असेल, तर कापूस घरात आहे तोवर ध्वनिमुद्रण उरकता येईल.